विधवा ग्रेसचा नवरा

सिकाम्बो गावात कुठलीही योजना आली की सगळ्यांत आधी चिपेगोचा चेहरा कामाला लागे. हातपंप बसला तेव्हा पाण्याची पहिली धार बघून हरखलेली बाई चिपेगोच होती. बिनधुराच्या चुली आल्या तेव्हा चुलीपुढे कृतकृत्य होऊन बसलेली बाईही तीच. त्या चुलीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा एकदाही धड शिजला नाही, ही गोष्ट वेगळी. मच्छरदाण्या वाटल्या तेव्हा तर तिला भर दुपारी जाळीत निजवलं होतं. योजना घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना तिच्या चेहऱ्यात नेमकं काय दिसे, ते त्यांनाच ठाऊक.

"तुझे गाल बसलेत ना, म्हणून," शेजारीण म्हणायची. तिला गाव मोनोची आई म्हणे. "माझ्या गालांकडे बघून कोण देणगी देईल? उलट माझ्याकडेच मागतील."

चिपेगोचं त्यात काही बिघडत नव्हतं. ती गावची शिंपीण. शाळेचे सगळे गणवेश तिच्या मशीनवर शिवले जायचे. नवरा रॉडवेल मका पिकवायचा आणि बैलांवर जीव टाकायचा. मुलगी लुयांडो चोमा शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. पाहुणे एवढ्या लांबून येतात, त्यांना घोटभर पाणी द्यावं तसा एक फोटो द्यावा, एवढंच तिचं म्हणणं.

मग संगणक केंद्र आलं. जहाजावर असतो तसला भलामोठा लोखंडी डबा, निळ्या रंगाचा, शाळेच्या मैदानात उतरवला गेला. छपरावर सौर पट्ट्या, आत ओळीनं मांडलेले, इंटरनेट जोडलेले संगणक, आणि दारावर इंग्रजीत पाटी : 'अंधारातून उजेडाकडे'. शेजारच्या शाळेत चार वर्षांपासून वीज होती; पाटी रंगवणाऱ्याला तेवढं सांगायचं राहून गेलं असावं.

केंद्राची समिती झाली आणि मालाम्बो अध्यक्ष झाला. तो गावचा दुकानदार, आणि कुठल्याही समितीचा अध्यक्ष तोच असे. त्यानं किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली आणि नियम सांगितले. चपला बाहेर. संगणकावरचं प्लास्टिक काढायचं नाही, धूळ जाते. कशाला हात लावायचा नाही, बिघडतं.

"मग शिकायचं कसं?" चिपेगोनं विचारलं.

"पाहुणे आले की शिकायचं," मालाम्बो म्हणाला.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या कॅमेरावाल्या मुलीनं चिपेगोला बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. चिपेगोनं त्या दिवशी कमरेला नवा चितेंगे, छापील कापड, गुंडाळला होता, पायात लुयांडोनं आणलेले बूट होते. मुलीनं गोड बोलून बूट काढायला लावले, डोक्याचा रुमाल सोडायला लावला, आणि नव्या चितेंगेवर कुणाचा तरी विटका गुंडाळला. मग खुर्चीत बसवून हात माउसवर ठेवला.

"आश्चर्य वाटतंय असं बघ," ती म्हणाली.

संगणक बंद होता. काळ्या पडद्यात चिपेगोला आपलेच विस्कटलेले केस दिसले आणि तिला खरंच आश्चर्य वाटलं. फोटो फार सुरेख आला, असं सगळे म्हणाले. पाहुणे गेले, प्लास्टिक परत चढलं, कुलूप लागलं.

पुढे मक्याची कापणी झाली, कणसं खळ्यावर आली, आणि एका सकाळी रस्त्याच्या वळणावरून मोठमोठ्यानं रडण्याचा आवाज आला.

रॉडवेल आंब्याखाली जू दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली. त्याच्या बहिणीचा मुलगा चिमुका, जो राजधानीत, लुसाकाला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, काळा कोट घालून दोन्ही हात डोक्यावर ठेवून येत होता. "अहो मामा! असे कसे गेलात हो मामा!"

"कोण गेलं?" रॉडवेलनं घाबरून विचारलं.

चिमुकानं डोक्यावरचे हात खाली घेतले. मामाला त्यानं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तुम्ही."

तोवर चिपेगो मशीन सोडून बाहेर आली होती. मोनोची आई कुंपणावरून डोकावली. ती रॉडवेलच्या थट्टेच्या कुळातली. या कुळातल्यांना एकमेकांच्या मयतातही चेष्टा करायची मुभा असते, आणि इथे तर मेलेला माणूस ऐकायला हजर होता. "बघू, बघू! मेल्यावर जरा तरी कामाला लागलाय!"

चिमुकानं खिशातून फोन काढला. लुसाकात कुणीतरी त्याला केंद्र देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवरचं एक पान पाठवलं होतं. त्यावर चिपेगोचा फोटो होता : अनवाणी, केस सुटलेले, हात माउसवर. खाली इंग्रजीत लिहिलं होतं. चिमुकानं वाचून दाखवलं.

"ग्रेस ही तरुण विधवा आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिच्यापुढे फक्त अंधार होता. तिनं कधी लेखणी हातात धरली नव्हती, कधी दिवा पाहिला नव्हता. आज तिच्या बोटांखाली सारं जग आहे."

मग रॉडवेलनं विचारलं, "मी कशानं मेलो?"

"ते लिहिलेलं नाही, मामा."

"काहीच नाही? साधा तापसुद्धा नाही?" रॉडवेलचा चेहरा पडला. "उगाच मेलो म्हणजे!"

"पण तू फोन करून विचारायचंस की," चिपेगो चिमुकाला म्हणाली.

"मेलेल्या माणसाला कसा फोन करू, मामी?"

गावच्या टोंगा लोकांत मामा गेला की त्याची गुरंढोरं भाच्याकडे जातात. चिमुका बोलता बोलता गोठ्याकडे बघत होता हे चिपेगोच्या नजरेतून सुटलं नाही. पण तिला त्याचा राग आला नाही. तिला राग आला होता त्या लेखणीचा. ती नववी शिकली होती. आणि कालपर्यंत जो माणूस तिच्याशी खळ्यावर भांडत होता, त्याला कुणी न विचारता, न सांगता मारून टाकलं होतं. तिची आई विधवा झाली तेव्हा दिराच्या माणसांनी घरातली भांडीसुद्धा उचलून नेली होती. विधवा हा शब्द कुणी तिच्या दारी खेळायला आणायचा नव्हता.

ती तशीच उठून मालाम्बोच्या दुकानात गेली. चिमुका आणि मोनोची आई मागोमाग.

"अध्यक्ष, केंद्र उघडा. मला पत्र लिहायचंय."

"केंद्र वापरायला नाहीये, लुयांडोची आई," मालाम्बो समजुतीनं म्हणाला. "ते प्रशिक्षण केंद्र आहे."

"मग मला प्रशिक्षण द्या."

"प्रशिक्षकच आलेला नाही."

"हा आहे ना," तिनं चिमुकाला पुढे ढकललं. "मयताचे दिवस संपेपर्यंत राहायला आलाय. मयतच नाही, तर रिकामाच आहे."

"आणि काही बिघडलं तर? पाहुण्यांना काय दाखवू?"

"पुढच्या खेपेला पाहुणे आले की मोनोच्या आईला बसवा खुर्चीत," चिपेगो म्हणाली. "माझी मान दुखतेय."

मालाम्बोनं मोनोच्या आईकडे बघितलं. तिनं आपले भरलेले गाल फुगवून त्याच्याकडे बघितलं. मालाम्बोनं निमूटपणे गळ्यातली किल्ली काढली.

अशा रीतीनं सिकाम्बोत प्रशिक्षण सुरू झालं. प्लास्टिक निघालं. पहिल्याच दिवशी चिपेगोनं कळफलक बघून कपाळाला हात लावला. "ही अक्षरं कुणी सांडली रे? ओळीनं लावता येत नव्हती?" शिलाई मशीनवर झरझर चालणारी बोटं इथे एकेक अक्षर शोधत हिंडत होती. एक ओळ लिहायला न्शिमा शिजून थंड होईल एवढा वेळ लागे. पण रागात माणूस फार लवकर शिकतो. दुसऱ्या आठवड्यात ती बोटांकडे न बघता स्वतःचं नाव लिहू लागली. तिला बघायला आलेल्या बायका बाजूच्या खुर्च्यांवर बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनीही आपापली नावं लिहिली. चिमुका दोघीदोघींना एकदम शिकवू लागला. सुट्टी संपली तरी तो गेला नाही. त्याच्या मालकाला सांगायला अजून एक मयत होतं म्हणे.

चिपेगोनं संस्थेला ईमेलनं धाडलेलं पत्र शेवटी असं झालं : 'माझं नाव चिपेगो आहे. ग्रेस कोण मला माहीत नाही. माझा नवरा जिवंत आहे आणि आत्ता जेवतो आहे. मला लिहिता येतं, हे तुम्ही वाचताच आहात. माझ्या पायात बूट होते. ते पान काढा.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'प्रिय ग्रेस, तुझं पत्र वाचून आमच्या कार्यालयात सगळ्यांचे डोळे भरून आले. तू लिहायला शिकलीस!'

तिनं परत लिहिलं. परत डोळे भरून आले. चौथ्या पत्रानंतर मात्र कुणी वरिष्ठ जागे झाले. त्यांनी सविस्तर कळवलं, की नाव तिच्या सुरक्षेसाठी बदललं होतं, आणि नवरा प्रातिनिधिक स्वरूपात वारला होता. या गोष्टीनं देणगीदारांच्या काळजाला हात घातला होता. आता ती मागे घेतली तर केंद्राच्या इंटरनेटचं पुढे काय, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मालाम्बोनं गाव जमवलं. "एका बाईच्या हट्टापायी गावाचा उजेड जाणार," तो म्हणाला. "आम्ही तिच्या नवऱ्याला खरोखर मारा म्हणतोय का? कागदावर तर आहे!"

काही जणांनी माना डोलावल्या. ज्यांची पोरं दूरच्या खाणींत होती आणि आता केंद्रातल्या इंटरनेटमुळे पडद्यावर दिसत होती, त्या बायका खाली बघत राहिल्या. चिपेगोला त्यांचं खाली बघणं मालाम्बोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग रॉडवेल उठला. त्याला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. "गावाचं भलं होत असेल तर... मी मेलेला राहीन," तो म्हणाला. "मला काय फरक पडतो? तिकडे कोण मला ओळखतं?"

"खाली बसा," चिपेगो म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तसं सगळे तिच्याकडे बघू लागले. "पंपाच्या वेळी मी नाही म्हटलं? चुलीच्या वेळी? भर उन्हात जाळीत झोपले तुमच्यासाठी. चेहरा पाहिजे तितका न्या. नवरा नाही मिळणार. हा काही फार मोठा सोन्याचा तुकडा नाही, पण माझा आहे आणि जिवंत आहे."

ती तडक केंद्रात गेली. चिमुकानं तिचा आणि रॉडवेलचा फोटो काढला. तिच्या पायात बूट, त्याच्या हातात ताकाचा वाडगा. तो फोटो तिनं त्या पानाखाली, सगळ्या जगाला दिसेल असा लावला, आणि खाली एकच ओळ लिहिली : 'हा प्रातिनिधिक नवरा.'

पान चार दिवसांत गायब झालं. महिनाअखेरीला इंटरनेटही गेलं. पाहुणे यायचे थांबले. संस्थेला म्हणे पलीकडच्या प्रांतात दुसरी एक ग्रेस मिळाली, आणि तिचे गाल आणखी बसलेले होते.

मालाम्बो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग त्यानं किल्ली आणून चिपेगोच्या मशीनवर टाकली. "घे. आता कुणासाठी नीट ठेवायचं?"

तेव्हापासून केंद्र रोज उघडतं. दोन संगणक धुळीनं बंद पडले, मालाम्बो म्हणाला होता अगदी तसे. बाकीच्यांवर बायका बसतात. चिपेगोनं गणवेशांची मापं त्यात घालून ठेवली आहेत. खाणीतल्या पोरांशी बोलायला चिमुकाच्या फोनवरून थोडं थोडं इंटरनेट मिळतं, तेही रेंज असेल तेव्हा. दोन-तीन बायका अजून चिपेगोशी बोलत नाहीत. केंद्रात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, आणि काही अडलं तर मोनोच्या आईकरवी विचारतात.

चिमुका शेवटी लुसाकाला निघाला तेव्हा रॉडवेल आणि चिपेगो त्याला बसपर्यंत सोडायला गेले. रॉडवेलनं त्याला बैल दिला नाही. चिपेगोनं शेंगदाण्याची पिशवी दिली आणि स्वतः शिवलेला सदरा दिला.

"मामी, त्या काळ्या कोटाचं काय करू?" चिमुकानं बसच्या खिडकीतून विचारलं. "दोस्ताकडून मागून आणलाय."

"परत दे त्याला," चिपेगो म्हणाली. "आणि लवकर ये. बाजूच्या बायकांना ईमेल शिकायचंय, आणि माझ्याशी त्या बोलत नाहीत."

बस हलली. रॉडवेल घराकडे वळला. चिपेगो शाळेच्या मैदानाकडे निघाली, दार उघडायला उशीर झाला होता.