दारातला कडुनिंब आणि गेटवरची मधुमालती

घर बांधायला काढलं की माणसाची नजर बदलते. कालपर्यंत जे डोळ्यांत भरतही नव्हतं, तेच आडवं यायला लागतं. धर्मापुरीच्या मल्लिकार्जुनला असाच दारातला कडुनिंब आडवा यायला लागला.

मल्लिकार्जुनचं कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता बरं का. सकाळी कपाळाला विभूती लावून लिंगपूजा केल्याशिवाय चहाला शिवायचा नाही, आणि आईला कधी उलटून बोलायचा नाही. पण स्लॅबचं घर पुरं होत आलं, त्याला दर्शनी रंग लागला, आणि समोरच्या झाडामुळे तो रंग रस्त्यावरून दिसेना. आता एवढा खर्च करून घर दिसू नये म्हणजे काय?

तो कडुनिंब घराच्या अंगणात होता म्हणावं तर होता, गल्लीत होता म्हणावं तर गल्लीतही होता. बुंध्याभोवती दगडी पार. दुपारी जेवणं आटोपली की आळीतल्या बायका तिथे यायच्या. कुणी वाती वळायची, कुणी शेंगा फोडायची, कुणी नुसतीच गप्पा मारायची. या बैठकीची म्होरकी म्हणजे मल्लिकार्जुनची आई, शिवगंगाबाई. सुनेशी भांडण झालेली बाई तिथे रडून मोकळी व्हायची आणि हसत घरी जायची. पोराला कांजण्या आल्या तर अंथरुणावर घालायला पाला इथलाच, बाळंतिणीच्या न्हाणीलाही इथलाच. गल्लीला एवढ्या उपयोगी पडलेल्या झाडाचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. आपलं असंच असतं, जे फुकट मिळतं त्याचं मोल आपल्याला कळत नाही.

मल्लिकार्जुनची बायको कावेरी लातूरला भावाकडे जाऊन आली होती. भावाच्या गेटवर मधुमालतीची कमान होती. ती तिच्या मनात भरली. त्या रात्री जेवताना विषय निघाला.

"अव्वा, झाड काढावं म्हणतो," मल्लिकार्जुन म्हणाला. "सालभर नुसता पाला झाडायचा. मुळ्या भिंतीच्या पायात शिरत्यात. कावळे घाण करत्यात. त्यापरीस मधुमालती लावू. एका सालात गेटवर कमान उभी ऱ्हाती. झाडाला एक पिढी लागती."

"पिढी लागती म्हणूनच तोडू नको," शिवगंगाबाई म्हणाल्या. "वेल काय, आज लावली, उद्या चढली. तिला मांडव लागतो, तार लागती. ह्या झाडानं तुला कदी काय मागितलं का? माज्या सासऱ्यानं लावलं, त्याला सावली मिळाली न्हाई. आपल्याला मिळाली."

"अव्वा, जमाना बदलला."

"बदलू दे की. पण मी दुपारी बसू कुटं?"

मल्लिकार्जुन हसला. "तुला खोली हाय, पंखा हाय, कूलर बी आणतो. बसायची काय वानवा हाय?"

चूक झाली ती इथेच. आई माणसांबद्दल विचारत होती आणि लेक जागेबद्दल उत्तर देत होता. शिवगंगाबाई ताटात पाणी घालून उठल्या.

वैशाखात झाड पडलं. कागदोपत्री परवानगी होती, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. पाराचे दगड घरामागे टाकले गेले. समोर कंपाउंडची भिंत आली, तिला काळं लोखंडी गेट आलं आणि गेटवर कमान. पावसाळ्यात मधुमालती लावली. खरं सांगायला हवं, ती वेल सुंदरच होती. दिवाळीपर्यंत तिनं कमान झाकली. फुलं उमलताना पांढरी, मग गुलाबी, मग लाल. संध्याकाळी दारात सुगंध दरवळायचा. पाहुणे गेटखाली उभं राहून फोटो काढायचे. मल्लिकार्जुनची कॉलर ताठ झाली.

शिवगंगाबाई आता दुपारी खोलीत झोपायच्या. पूर्वी त्यांना दिवसा झोप माहीत नव्हती. बोलणं कमी झालं. कधी नातीचं नाव आठवेना, कधी जेवण झालं की नाही ते. कावेरी एकदा म्हणाली, "आत्याबाई आताशा लई गप असत्यात." मल्लिकार्जुन म्हणाला, "वय झालं." वय झालं म्हटलं की आपली जबाबदारी संपते ना? आपण सगळेच असं म्हणतो.

मग गुढीपाडवा आला.

या गल्लीची एक जुनी रीत होती. पाडव्याच्या सकाळी गुढीला बांधायचा लिंबाचा पाला कुणी विकत आणायचा नाही. शिवगंगाबाई पहाटे न्हाऊन पारावर टोपली घेऊन बसायच्या. घरोघरचा एक माणूस यायचा, त्या त्याच्या हातात कवळी डहाळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "कडू खा, गोड बोला." सासुरवाशिणी, म्हातारे, भांडून अबोला धरलेले शेजारी, सगळ्यांना यावं लागायचं.

मल्लिकार्जुन बाजारातून पाल्याची जुडी घेऊन आला, तर गेटपाशी मधुमालतीखाली शिवगंगाबाई बसलेल्या. अंगावर इरकली लुगडं, मांडीवर रिकामी टोपली. गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या होत्या.

"अव्वा, हितं काय करलालीस?"

"अजून कुणीच कसं आलं न्हाई रे? उशीर झाला का मला?" त्यांनी वर पाहिलं. "जरा आकडी आण. शेंड्याचा कवळा पाला काढ. समोरच्या सत्यशीलाला कवळाच लागतो."

मल्लिकार्जुननं जुडी टोपलीत ठेवली. शिवगंगाबाईंनी ती हातात घेतली, वास घेतला.

"कुणाच्या झाडाचा हाय हा?"

"बाजारातून आणलाव."

त्या बराच वेळ वर कमानीकडे बघत राहिल्या. गुलाबी घोस वाऱ्यावर हलत होते. मग त्यांना आठवलं. "व्हय की," त्या हळूच म्हणाल्या. "तोडलं न्हाई का आपण." जुडी त्यांनी पोराच्या हातात परत दिली आणि भिंत धरून आत गेल्या. लेकानं तोडलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आपण तोडलं म्हणाल्या. तो शब्द मल्लिकार्जुनच्या जिव्हारी लागला.

गुढी तशीच ठेवून तो समोरच्या घरी गेला. तिथे सत्यशीलाकाकू राहायच्या, आईची जन्माची मैत्रीण.

"काकू, तुमी आमच्याकडं येणं सोडलंत कावून? अव्वा एकटी पडली. मी कदी कुणाला येऊ नका म्हणलं का?"

काकूंनी त्याला पाट दिला. "न्हाई म्हणलास रे. पण झाडाखाली यायला बोलावणं लागत न्हवतं. शेंगाचं सूप उचललं की आलोच. आता गेट उघडावं लागतं. आत फरशी चकचकीत, टरफल पडंल का ही धास्ती. तुजी बायको लई चांगली, लगेच चहा ठेवती. पण रोज कुणाच्या घरी चहा प्यायला जावं का? आमी शेजारणी होतो, तुज्या वेलीनं आमाला पाव्हणं केलं."

मल्लिकार्जुन खाली मान घालून बसला. "वेल उपटून टाकतो काकू."

"आता तिला कावून मारतोस? तिचा काय दोष? वेलीनं भिंत सजवावी, झाडानं माणसं धरावी. तू झाडाचं काम वेलीला सांगितलंस." त्या उठल्या आणि परसातून तेलाचा जुना डबा घेऊन आल्या. डब्यात गुडघ्याएवढं कडुनिंबाचं रोप होतं. "तुज्याच झाडाची निंबोळी. कावळ्यानं टाकली, मी पाणी घातलं. घेऊन जा. पण भिंतीच्या आत लावू नको."

त्याच दिवशी मल्लिकार्जुननं भिंतीबाहेर, गल्लीच्या कडेला खड्डा घेतला. घरामागचे दगड स्वतः वाहून आणले आणि रोपाभोवती पार रचला. गुडघ्याएवढ्या रोपाला एवढा मोठा पार! जाणारे येणारे हसले. हसू द्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानातून तो जेवायला आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. ऊन मी म्हणत होतं. तापल्या पारावर गोणपाट टाकून शिवगंगाबाई बसल्या होत्या. शेजारी सत्यशीलाकाकू एका हातानं छत्री धरून. दोघींच्या मध्ये शेंगांचं सूप होतं. रोपाची सावली दगडावरसुद्धा धड पडत नव्हती, आणि त्या दोघी मात्र जुन्या झाडाखाली बसावं तशा बसल्या होत्या. कित्येक महिन्यांनी त्याला आईचं हसणं ऐकू आलं.

त्याला रडू आलं. घर बांधता येतं, गेट करता येतं, वेल एका वर्षात कमानीवर चढवता येते. आईच्या उरलेल्या दिवसांत मात्र झाड मोठं करता येत नाही, कितीही पैसा ओता. छत्रीचा दांडा धरायला तो रोज दुपारी जाऊ लागला, एवढंच त्याच्या हातात होतं.

तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा शिवगंगाबाईंनी त्या पारावर काढला. मार्गशीर्षात त्या गेल्या. शेतात सासऱ्यांच्या शेजारी त्यांना समाधी दिली.

यंदाच्या पाडव्याला मल्लिकार्जुन पहाटे न्हाऊन टोपली घेऊन पारावर बसला. रोप छातीइतकं झालं होतं. डहाळ्या तोडण्याजोगं नव्हतंच. पहिल्या आल्या सत्यशीलाकाकू. त्यानं एक कवळं पान खुडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "कडू खा, गोड बोला," असं म्हणायला गेला, पण पहिल्या दोन शब्दांपुढे त्याला बोलवेना. पुढचे दोन काकूंनी म्हटले.

बंधुभगिनींनो, वेल जरूर लावा. दाराला शोभा येते, मन रमतं, त्यात वावगं काही नाही. पण दारातल्या झाडाला हात लावण्याआधी त्याच्याखाली कोण बसतं, ते एकदा बघून घ्या. झाड पुन्हा लावता येतं. त्याखाली बसणारी माणसं त्याच्या सावलीपर्यंत थांबतीलच असं नाही.