कमानीखाली कोणी नाही

“चित्र बदललंत तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फ्रेम काउंटरवर उताणी ठेवली. “माझं मला परत द्या, मी जाते.”

फ्रेमवाल्याच्या तोंडात खिळे होते. ते त्याने आधी तळहातावर काढले.

“अहो सिस्टर, हेच तुमचं चित्र. काच फुटली म्हणून तुम्ही आणलंत, मी नवी घातली. आतून जरा मळ काढून दिला, तोही तुम्ही न सांगता. बस.”

“मग मास्तर जेवत का नाहीत?”

मास्तर म्हणजे सिस्टरांचा नवरा; त्यांच्या जेवणाचा फ्रेमच्या दुकानाशी काय संबंध, असं कोणीही विचारलं असतं. पण शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं होतं, आणि त्याला मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही.

“याच्यावर विश्वास ठेवू नका सिस्टर. माझ्या लग्नाच्या फोटोत याने मागे उंट काढला होता. वर्षभर भिंतीवर होता. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, हा कोणाकडचा म्हणून.”

“पण उंट चांगला आला होता की नाही?” फ्रेमवाला सवयीने म्हणाला आणि सिस्टरांचा चेहरा बघून खिळे डबीत टाकायला लागला.

आता गंमत अशी, की या माणसाने उभ्या आयुष्यात गल्लीतल्या प्रत्येकाला एकदा तरी टोपी घातली होती. न्हाव्याला त्याने सांगितलं होतं, हा आरसा परदेशी आहे, यात माणूस तरुण दिसतो. न्हाव्याने गिऱ्हाइकांकडून तसं वदवूनही घेतलं होतं. पोस्टमनला स्वतःचाच फोटो ‘हरवला आहे’ अशा पाटीसकट फ्रेम करून दिला होता. पेन्सिल हातात आली की बोटं शिवशिवायची. आणि आज पहिल्यांदाच तो खरं बोलत होता, तर ऐकणारं कोणी नव्हतं.

“दोन दिवस झाले,” सिस्टरांचा आवाज खाली आला. “चित्र मांडीवर घेऊन काचेवर बोट घासत बसलेत. घास नेला की मान फिरवतात. अर्धांग झाल्यापासून सगळं गेलं, बोलणं गेलं, उजवा हात गेला. पण या चित्रासमोर बसले की शांत असायचे हो. माझी इतकी वर्षं इस्पितळात गेली. न जेवणारा माणूस कुठल्या वाटेला लागतो ते मला सांगू नका.”

“मी कुठं सांगतोय.”

“माझं चित्र शोधा आणि घेऊन घरी या.” फ्रेम तिथेच टाकून त्या वॉर्डातून चालल्यासारख्या ताडताड निघून गेल्या.

फ्रेमवाल्याने चित्र उजेडात धरलं. जुनंपुराणं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची, वर कागद ठेवून दाबायचं, असलं किचकट काम. कुठल्याशा दूरच्या देशातलं उजाड नगर. अर्धे तुटलेले खांब, मधे एक मोठी कमान, कमानीच्या डोक्यावर झुडपं उगवलेली, खाली एक पायवाट झाडीतून वर येते. माणूस औषधालाही नाही.

आणि इथेच त्याचा हात थांबला.

आधी इथे माणूस होता. कमानीखाली, सावलीत, पेन्सिलीने काढलेला, नखाएवढा. छापलेला नाही, मागाहून कोणीतरी काढलेला. ब्रेडचा मऊ गर कागदावर फिरवून मळ काढताना फ्रेमवाल्याने तो बघितला होता. कोण्या कार्ट्याने खोडी केलीय, असं म्हणून हसलाही होता. आणि चांगला साफ पुसून टाकला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोत उंट घुसवणाऱ्याने, कोणाचीतरी एवढीशी खोडी सहन केली नव्हती.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे.

फ्रेमवाल्याने ब्रश उचलला, खाली ठेवला. पट्टी कापायला घेतली, तर एक बाजू बोटभर आखूड कापली. चहा मागवला आणि तो निवून त्यावर साय धरली. डोक्यात एकच किडा वळवळत होता: तो एक होता की दोन? बसलेला होता की उभा? आपण दिवसभर लोकांची चित्रं हाताळतो आणि बघत काहीच नाही. कडा मापतो, काच मापतो, संपलं.

“काय रे, पोटात दुखतंय का?” शिंप्याने विचारलं.

“तुझ्या फोटोतला उंट उभा होता की बसलेला?”

“उभा. का?”

“बघ, तुला आठवतंय,” फ्रेमवाला म्हणाला. चित्र, पेन्सिली, खोडरबर आणि पकड पिशवीत कोंबून त्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मास्तर खुर्चीत कलंडल्यासारखे बसलेले. समोरच्या भिंतीवर रिकामा चौकोन. सिस्टर आत गॅसपाशी होत्या. “मिळालं का?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“बघतोय,” फ्रेमवाला म्हणाला.

त्याने स्टूल पुढे ओढलं, मागचे खिळे काढले, काच बाजूला घेतली आणि उघडं चित्र मास्तरांच्या मांडीवर फळीसकट ठेवलं. मास्तरांचा डावा हात लगेच आला. बोट कमानीखाली गेलं आणि गोल गोल फिरत राहिलं, चष्मा विसरलेला माणूस टेबल चाचपतो तसं.

“माझी चूक झाली मास्तर,” फ्रेमवाला हळू आवाजात म्हणाला. “मी पुसलं. आता काढून देतो. चुकलं तर बोटाने सांगा.”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. तोंडाचा एक कोपरा हलला. शिवी असावी.

त्याने बारीक टोक केलं आणि उभा माणूस काढला. मास्तरांचं बोट त्याच्यावर आपटलं. फ्रेमवाल्याने तो पुसून बसलेला काढला, पडक्या दगडावर, पाय सोडून. बोट थांबलं. फ्रेमवाल्याचा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं वाटून त्याने काच उचलली. तेवढ्यात बोट पुन्हा निघालं. कमान सोडून खाली, खांब सोडून खाली, थेट कोपऱ्यात, जिथे पायवाट झाडीतून वर येते. तिथे टेकलं आणि हलेना.

फ्रेमवाल्याने आपलं बोट शेजारी टेकवलं. कागद तिथे किंचित खरबरीत लागला. मग त्याच्या लक्षात आलं. इथला ठिपका त्याने माशीची घाण समजून पात्याच्या टोकाने खरवडला होता.

“दुसरं माणूस?”

बोट उचललं गेलं, पडलं.

“बाई?”

पुन्हा उचललं, पडलं.

त्याने वाटेवर एक बाई काढली. चालणारी, जरा पुढे झुकलेली. मास्तरांनी डाव्या हाताने स्वतःचा मेलेला खांदा थोपटला, मग दाराकडे बघितलं. दारामागे खुंटीला सिस्टरांची जुनी ड्यूटीची पिशवी लटकत होती. फ्रेमवाल्याने बाईच्या खांद्याला पिशवी दिली. मास्तरांचा हात आपसूक मांडीवर उतरला आणि तिथेच राहिला.

सिस्टर वाटी घेऊन बाहेर आल्या. आधी नवऱ्याचा हात बघितला, मग चित्र.

“ही काय नवी खोडी?”

थापांना तोटा नव्हता. एरवी एक मागितली तर टोपलीभर दिल्या असत्या त्याने. आज एकही वर येईना.

“चित्र तेच आहे सिस्टर. यात ही दोघं होती. घाण समजून मी पुसली. मास्तरांनी काढलेली होती.”

“केव्हा काढली?”

“ते मला काय माहीत. पेन्सिल जुनी होती, कागदात मुरलेली.”

सिस्टरांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. “ड्यूटीला निघताना रोज काच पुसायचे मी,” त्या म्हणाल्या. “घाईत. आत कोण बसलंय ते कधी…” मग जवळ वाकल्या. “केस जास्त काढलेत तुम्ही यांचे.”

“मास्तरांनी तक्रार केली नाही.”

“नाहीच करायचे.” त्यांची नजर पायवाटेवर उतरली. पिशवीवाल्या बाईवर बराच वेळ थांबली. वाटीतल्या घासाची वाफ चष्म्यावर आली, ती त्यांनी पुसली नाही.

“ही अजून रस्त्यातच आहे,” त्या म्हणाल्या.

फ्रेमवाला स्टुलावरून उठला. सिस्टरांनी पायानेच स्टूल खुर्चीला भिडवलं आणि त्यावर टेकल्या. एक घास उचलून मास्तरांच्या तोंडाशी नेला. चित्रावरची नजर न काढता मास्तरांनी तोंड उघडलं. दुसरा घास. मधेच त्या स्वतःच वाकून बघायला लागल्या, की कमानीपर्यंत वाट नीट जाते ना, मधे कुठे दगड पडलाय का. दोघांची डोकी जवळजवळ टेकली.

फ्रेमवाल्याने काच पुसली. उजेडात धरली, पुन्हा पुसली. बसवायची तर त्या दोघांनी मागे सरकायला हवं होतं. तो दोन्ही हातांनी काचेच्या कडा धरून उभा राहिला.