नवव्या खुर्चीसमोरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. मात्र तुमच्या शाळेतली नव्हे. सभेच्या टेबलावर प्रत्येक सदस्यासमोर जी छोटी लाकडी पाटी ठेवतात, आणि जिच्याकडे पाहून समोरचा माणूस कोण हे इतरांना कळते, ती मी. लांबी नऊ इंच, उंची तीन इंच, पाया रुंद आणि माथा निमुळता. माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, त्यामुळे मी टेबलावर किंचित डगमगते. हा दोष लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

माझा जन्म एका दारापासून झाला. पाणी कोठून आणावे आणि कोणाला कसे द्यावे, याबद्दल सरकारला सल्ला देणारे एक विभागीय मंडळ नव्याने स्थापन झाले होते. त्याच्या पहिल्या अध्यक्षांनी आयुष्यभर पूल बांधले होते. सभागृहाचे जुने दार बदलून सुतार त्याची चौकट खांद्यावरून नेत असताना त्यांनी त्याला थांबवले.

"एवढ्यात नऊ पाट्या निघतील का रे?"

सुताराने कानामागची पेन्सिल काढून चौकटीवर खुणा केल्या. "दहा निघतील, साहेब. पण दहावीत गाठ येईल."

"मग नऊच काढ. सदस्यही नऊच आहेत."

चौकटीचे लाकूड चाळीस उन्हाळे खाऊन पक्के झाले होते. सुताराने आम्हाला रंधले, घासले, तेल पाजले. आता नावे लिहिणार, म्हणून आम्ही नऊ जणी वाट पाहत राहिलो. पण अध्यक्षांचा बेत निराळा होता.

"नावं हजेरीपटावर आहेतच की," ते म्हणाले. "माणसाचे हात कशात मळलेत ते मला समोर दिसलं पाहिजे. मग प्रश्न कोणाला विचारायचा ते आपोआप कळतं."

तसा नियमच झाला. प्रत्येक सदस्याने आपले काम आणि त्या कामात घालवलेली वर्षे कागदाच्या पट्टीवर स्वतःच्या अक्षरात लिहायची आणि ती पट्टी खळीने पाटीवर चिकटवायची. सदस्य बदलला की जुनी पट्टी काढायची नाही; नवी तिच्यावरच लावायची.

माझ्या वाट्याला नववी खुर्ची आली. तेथे पहिल्यांदा बसला तो नावाडी. त्याने लिहिले, "नाव वल्हवणे, बावीस वर्षे." एका सभेत पुराचा नकाशा मांडला गेला. तो बराच वेळ पाहून नावाडी म्हणाला, "साहेब, तुमच्या नकाशात नदी फार शहाण्यासारखी वागते हो!" सगळे हसले, अध्यक्ष सर्वांत जास्त हसले, आणि नकाशा पुन्हा काढला गेला. त्याच्यानंतर गणिताच्या बाई आल्या. अहवालातल्या बेरजा त्या तांबड्या पेन्सिलीने तपासत आणि चूक सापडली की पेन्सिलीचे टोक माझ्या माथ्यावर एकदा आपटत. त्यांच्यानंतर एक विहिरी खणणारा आला. त्याच्या पट्टीवर होते, "विहिरी खणणे. वर्षे मोजली नाहीत." बाहेरगावचे पाहुणे आम्हाला वाचत टेबलाभोवती फिरत आणि म्हणत, "ही पद्धत छान आहे!" अशा वेळी माझ्या लाकडाला पुन्हा तेल लागल्यासारखे वाटे.

पुढे मंडळ आठ जणांचे झाले. नवे सचिव टापटिपीचे होते. त्यांनी चकचकीत धातूच्या आठ पाट्या मागवल्या. त्यांवर वरच्या ओळीत नाव आणि खालच्या ओळीत पदवी व पद. आम्हा नऊ जणींची रवानगी सभागृहातल्याच कपाटाच्या खणात झाली. वाळलेली शाईची गादी, गंजलेले छिद्रयंत्र आणि कोणत्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, असा आमचा शेजार. एकदा खण साफ करताना मी खाली पडले, तेव्हा तो टवका उडाला. अकरा वर्षे गेली. मी फार रडले असे सांगणार नाही. लाकडाला वाट पाहता येते.

मग एके दिवशी खण उघडला. "एक तरी धड असेल यात," असे पुटपुटत शिपाईमामांनी मला उचलले आणि सदऱ्याच्या बाहीने पुसले. सरकारचा नवा आदेश आला होता, की मंडळावर पाणी वापरणाऱ्यांपैकी एक नववा सदस्य असावा. रुग्णालयाने एक नाव सुचवले होते. पत्रात फक्त नाव आणि पत्ता होता.

नववी सदस्य आली. साठीची, सडपातळ, बोटांची टोके कायमची सुरकुतलेली, आणि वागण्यात एक प्रकारची घडी घातल्यासारखी नीट. सगळे तिला मावशी म्हणू लागले. तिची माहिती भरून घ्यायला लिपिक बसले. त्यांना सगळे रकानेभाऊ म्हणत, कारण रकान्यात न बसणारी गोष्ट त्यांच्या लेखी जगातच नव्हती. माणूस मनाने अगदी सरळ.

"पदवी?"

"नाही."

"भूषविलेली पदे?"

"भूषविलेली म्हणजे?"

"म्हणजे अध्यक्ष, सचिव, असं काही."

"नाही हो भाऊ."

"प्रकाशने? पुरस्कार?"

मावशी हसली. "एकदा ज्ञापन मिळालं होतं. कामात चूक केली म्हणून जाब विचारायचं पत्र."

"ते पुरस्कारात बसत नाही, मावशी."

रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा कार्यालयाचा दंडक. सांगण्यासारखे काही नसेल तर तेथे "निरंक" लिहितात. रकानेभाऊंनी चारही ठिकाणी सुवाच्य अक्षरात "निरंक" लिहिले. तिने काय काम केले हे विचारणारा रकानाच त्या अर्जात नव्हता. पाटीसाठी त्यांनी अर्जावरून पट्टी छापली. वर नाव, आणि खाली "पार्श्वभूमी : निरंक". ती पट्टी डिंकाने माझ्यावर, थेट विहिरी खणणाऱ्याच्या पट्टीवर चिकटवली गेली.

पहिल्या सभेत भूजलवाले सर वाकून मला वाचू लागले. जमिनीखालचे पाणी शोधण्यात त्यांची बरीच वर्षे गेली होती. स्वभावाने मोकळे, गमत्ये. "निरंक! वा, बरं झालं. मनात आधीचं काही भरलेलं नाही!" ते हसत म्हणाले. त्यात डंख नव्हता. पण मावशीने मला हळूच फिरवले, आणि माझे तोंड तिच्याकडे झाले. ती दोन सभा काही बोलली नाही. समोर लिहिलेला तो एकच शब्द ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

मंडळापुढे विषय मोठा होता. डोंगराच्या पायथ्याशी सहा कूपनलिका खोदून ते पाणी शहराला आणि रुग्णालयाला द्यायचे होते. डोंगराचे नाव निघताच मावशीची बोटे टेबलावर आवळली जात. हे टेबलाखेरीज फक्त मला ठाऊक होते.

तिसऱ्या सभेच्या दिवशी ती लवकर आली. शिपाईमामा पेले मांडत होते. तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"मामा, हे अध्यक्षबाईंना द्याल? राजीनामा आहे."

"अहो मावशी! आत्ता कुठं आलात. अजून माझा चहासुद्धा धड प्यायला नाहीत."

"चहा चांगला असतो तुमचा. पण इथं बसून करू काय? त्या डोंगराच्या पाण्यानं माझी तीन वर्षं नासवली. सांगावंसं फार वाटतं. पण सांगायचं कशाच्या जोरावर? समोर लिहिलंय ना, निरंक."

"अहो, ते रकानेभाऊंनी लिहिलंय. त्यांच्या घरी मांजरालाही जावक क्रमांक असेल!"

मावशी हसली, पण कागद तिने पिशवीत ठेवला नाही. तो तिने हातातच धरला.

सभा सुरू झाली. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. कमी बोलत आणि नेमके बोलत. त्या दिवशी शिफारस मंजूर व्हायची होती. भूजलवाल्या सरांनी नमुन्याची बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"हिवाळ्यात घेतलेला नमुना. तपासणीत निर्दोष. बघा, आरशासारखं पाणी आहे!"

"उकळून बघितलंत का?"

हे कोण बोलले ते क्षणभर कोणालाच कळले नाही. बोलून गेल्यावर मावशीलाही कळले नसावे.

"म्हणजे?" सरांनी विचारले.

"हिवाळ्यात ते पाणी चांगलंच असतं, सर. उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी खाली गेलं की लबाडी करतं. वर येताना स्वच्छ दिसतं. तापवलं किंवा नुसतं ठेवलं, की पिवळं. आणि ब्लीचिंग पावडर टाकली, तर विचारूच नका."

"हे तुम्हाला कसं माहीत?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"मी रुग्णालयाच्या धुलाईघरात होते. एकतीस वर्षं."

 मावशी तीन सभा येथे बसली होती, आणि हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आता ती थांबली नाही. नदीवरचा पंप दुरुस्तीला गेला, तेव्हा रुग्णालयाला तीन वर्षे डोंगराकडच्या एका कूपनलिकेचे पाणी होते. उन्हाळा संपत आला की चादरी पिवळ्या पडत. ब्लीचिंग जास्त टाकता, असा ठपका ठेवून पहिल्याच वर्षी तिला ते ज्ञापन दिले गेले. मग तिने दर महिन्याला एक उशीचा अभ्रा ब्लीचिंगशिवाय, नुसत्या त्या पाण्यात धुऊन बाजूला ठेवला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात महिन्याचा ठरावीक रंगाचा दोरा घातला.

"कोणी बघितले ते अभ्रे?"

"कोणी मागितलेच नाहीत, बाई. घरी ट्रंकेत आहेत."

रकानेभाऊंनी लेखणी उचलली आणि केविलवाण्या आवाजात विचारले, "हे कोणत्या रकान्यात नोंदवू?"

"आधी नोंदवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "रकाना नंतर शोधू. निर्णय पंधरा दिवस पुढे."

त्या गडबडीत राजीनाम्याचा कागद मावशीच्या हातातच राहिला.

पंधरा दिवसांनी, ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस, टेबलावर जूनपासून मेपर्यंतचे बारा अभ्रे ओळीने पसरले गेले. पहिले आठ पांढरे. नवव्यापासून रंग चढत गेलेला. बारावा वाळक्या पानासारखा. दुसऱ्या वर्षाच्या बारा अभ्र्यांतही तोच क्रम. भूजलवाले सर त्याच सकाळी स्वतः पायथ्याशी जाऊन ताजे पाणी घेऊन आले होते. बाटलीत ते निर्मळ दिसत होते. त्यांनी ते कार्यालयाच्या विजेच्या किटलीत ओतले, खळखळून उकळले आणि काचेच्या पेल्यात काढले.

इतक्यात शिपाईमामा आत आले आणि दारातच थबकले. "अरे, चहा तर मी अजून आणलाच नाही!"

"हा चहा नाही मामा," सर म्हणाले. "ही माझी चूक आहे. पाण्यात लोह आहे, आणि ते ऋतूप्रमाणे वाढतं. मी एकाच ऋतूत बघितलं." मग ते मावशीकडे वळले. "मावशी, ते ज्ञापन चुकीचं होतं. ब्लीचिंग तुम्ही बेताचंच टाकत होतात. पाणीच तसं होतं."

 मावशीने बाराव्या अभ्र्यावरून एकदा तळहात फिरवला, जणू सुरकुती काढली, आणि त्याची घडी घातली. घडी घालताना तिचे डोळे भरून आले होते. पण घडी अगदी काटकोनात पडली.

शिफारस बदलली. कूपनलिका खोदाव्यात, मात्र पाणी आधी हवेत खेळवून, टाकीत निवळून, गाळून मगच द्यावे. आणि नमुने प्रत्येक ऋतूत घ्यावेत, असे ठरले. खाली नऊ सह्या झाल्या.

सभा संपल्यावर मावशीने मामांकडून कोमट पाणी मागितले. रुमालाचे टोक भिजवून, पिळून, तिने ते माझ्या तोंडावर धरले. घाई नाही, घासणे नाही. डिंक सैल झाला आणि "निरंक" एका तुकड्यात अलगद सुटून आले. खालची पट्टी जराही दुखावली नाही. अकरा वर्षे खणात आणि तीन महिने त्या शब्दाखाली राहिलेल्या विहिरी खणणाऱ्याला पुन्हा उजेड दिसला. "वर्षे मोजली नाहीत," मावशीने मोठ्याने वाचले आणि ती मनापासून हसली. "मी मोजलीत बाबा!" मग तिने कोरी पट्टी घेतली आणि लिहिले, "धुलाईघर, एकतीस वर्षे."

ते वाचून भूजलवाले सर मामांना म्हणाले, "आणखी आहेत का हो अशा?" माझ्या आठही बहिणी खणातून बाहेर आल्या. सरांनी आपल्या पाटीवर लिहिले, "भूजल, एकोणीस वर्षे. उकळायला शिकतो आहे." अर्जात एक नवा रकाना आला, "प्रत्यक्ष केलेले काम". तो रकानेभाऊंनी स्वतःच्या हाताने आखला, आणि पहिल्या दिवशी ते त्याच्याकडे नुसते पाहत बसले.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेल द्या. आणि कोणाच्याही पाटीवर काही लिहिण्याआधी, तो दिवसभर काय करतो, हे त्यालाच विचारा. उत्तर येईपर्यंत लेखणी खाली ठेवा.

नवी पट्टी लागली त्या दिवशी निघताना मावशीने मला सरळ उभे केले. मी नेहमीप्रमाणे डगमगले. तिने पिशवीतून राजीनाम्याचा तो घडीचा कागद काढून आणखी दोनदा दुमडला, बोटाने जाडी अजमावली आणि माझ्या तुटक्या कोपऱ्याखाली सरकवला. आता मी हलत नाही. राजीनामा अजून तिथेच आहे, आणि मावशी दर सभेला पाच मिनिटे आधी येते.