बाराशे लिटर समुद्र आणि एकटा पंप

मी पंप आहे. विहिरीवरचा नाही की शेतातला नाही, काचेच्या टाकीतल्या समुद्राचा. बिश्केकमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरातून बोलतोय. आवाज घोगरा वाटेल. आतली दांडी झिजलीय, त्यामुळे बोलताना खरखर होते. तेवढं समजून घ्या.

माझं काम सांगायला सोपं. वरच्या मोठ्या टाकीतलं पाणी नळीतून तळघरातल्या छोट्या टाकीत उतरतं. तिथे ते गाळलं जातं आणि मी ते परत वर ढकलतो. ते पुन्हा खाली येतं, मी पुन्हा ढकलतो. तुम्ही दिवसभर राबलात तर संध्याकाळी काहीतरी उभं राहिलेलं दिसतं. मला तसं कधी काही दिसलं नाही.

मला विकत घेतलं सगिनबायने. एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवून तो निवृत्त झाला होता. तरुणपणी नौदलात सक्तीची तीन वर्षं त्याने व्लादिवोस्तोकला काढली होती, आणि घरी बसल्यावर त्याला तो समुद्र आठवायला लागला. त्याची बायको बुरुल दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना होता.

"समुद्र हवाय ना? इस्सिक-कुलला जाऊन बसा की," ती म्हणायची. "एवढं मोठं सरोवर आहे. झाकण लावायला नको, खायला घालायला नको."

पण शेवटी तिनेच दवाखान्यातल्या रोग्यांच्या बसायच्या खोलीतली एक भिंत त्याला दिली. मासे बघत बसले तर लोक दाढ काढायची भीती विसरतील, असा तिचा हिशेब.

पंप घ्यायला सगिनबाय एकटा आला नाही. वरच्या मजल्यावरच्या रिम्मा पाक सोबत होत्या. पंचाहत्तरीच्या कोरियन बाई, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळी नोकरी झालेली. सगळे त्यांना एजे म्हणायचे, म्हणजे ताई. दुकानदाराने मला खोक्यातून काढल्याबरोबर त्यांनी माझ्या तोंडात बोट घालून पातं फिरवून पाहिलं. इतक्या आपुलकीने मला तोवर कुणी हात लावला नव्हता.

"खोक्यावरचा आकडा वाचू नकोस, सगिन," त्या म्हणाल्या. "तो पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. तुझं पाणी तीन मीटर चढणार, वर चार वळणं घेणार. निम्मा जोर वाटेतच संपेल."

"मग सगळ्यात मोठा घेतो."

"दोन मध्यम घे. दोन नळ्या, दोन तोंडं. एक बसला तर दुसरा मासे जगवेल."

"एजे, माझ्या ट्रॉलीबसला एकच मोटर होती."

"हो ना. आणि ती बसली की आम्ही सगळे उतरून ढकलायचो. दोनदा ढकललीय मी."

दुकानदार हसला, सगिनबायही हसला आणि त्याने मला एकट्यालाच उचललं. मोठा म्हणून घेतला याचा मलाही तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

नळ्या मात्र एजेंनीच जोडल्या. माझ्या तोंडापेक्षा एक माप रुंद नळी घेतली. काटकोनी वळण आलं तिथे दोन तिरके तुकडे बसवले. मला धुवायला काढता यावं म्हणून फिरकीची जोडणी दिली. सगिनबायने उलटं पाणी अडवणारी झडप आणली होती. ती त्यांनी बसवली, पण म्हणाल्या, "हिच्यावर विसंबू नकोस. खारं पाणी आहे, हिच्यात चुना बसेल." आणि वर टाकीत, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, नळीला एक बारीक भोक पाडलं. वीज गेली की पाणी उलटं खाली ओढलं जातं. पातळी भोकापर्यंत आली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एवढंसं भोक, पण सगळ्या इमारतीची राखण करणारं.

ते शिट्टी वाजवायचं. बारीक, दिवसभर. रोगी म्हणायचे, डॉक्टर, आत कुणाचा दात कोरताय का? वैतागून सगिनबायने एक दिवस बुरुलच्या कपाटातला दात भरायचा मसाला घेतला आणि ते भोक बुजवून टाकलं. छान गुळगुळीत केलं. एजेंना सांगितलं नाही.

तीन वर्षं काही झालं नाही. पिवळे मासे वाढले. दगडांवर प्रवाळ धरलं. मी ढकलत राहिलो. लोक टाकीसमोर उभे राहून "वा, काय शांत वाटतं!" म्हणायचे. ती शांतता कोण वर चढवतंय, हे विचारायला कुणी खाली आलं नाही.

मग जानेवारीतल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, वीज गेली. मी थांबलो. पाणी उलटं फिरलं आणि माझ्याच पोटातून खाली यायला लागलं. झडपेत चुना बसला होता, ती उघडी ती उघडीच राहिली. भोक तर बुजवलेलंच. नळीचं तोंड पाण्यात वीतभर खोल होतं, तिथपर्यंतचं सगळं पाणी खाली आलं. साडेतीनशे लिटर. तळघरातली टाकी भरली, वाहिली, आणि पाणी शेजारच्या लाकडी कप्प्यात शिरलं. तो कप्पा एजेंचा.

वर कुणाला पत्ता नव्हता. वर वेगळीच धांदल. पाणी फिरेना म्हणजे माशांना हवा मिळेना. बुरुलने कपातून पाणी उचलून उंचावरून ओतायला सुरुवात केली. सगिनबायने भांडं घेतलं. मग थांबलेले रोगीही उठले. एका जाड्या पोलिसाचा अर्धा गाल भूल देऊन बधिर झालेला, तोही तोंड वाकडं करून कप ओतत म्हणाला, "डॉक्टल, माझी दाढ लाहू द्या, आधी हा पिवळा बघा." दीड तास ते सगळे आळीपाळीने ओतत होते. तीन मासे मेले, बाकीचे वाचले.

एजे बटाटे घ्यायला तळघरात उतरल्या तेव्हा त्यांच्या कप्प्यात घोटाभर पाणी होतं. जमिनीवर एक पत्र्याची पेटी होती. त्यांनी ती उघडली आणि तिथेच बसल्या. आत त्यांच्या आईचे फोटो होते. आई पूर्वेच्या समुद्रकाठी जन्मलेली. सोळाव्या वर्षी तिला त्या वेळच्या सरकारने सगळ्या गावासकट आगगाडीत भरून इकडे पाठवलं, ती पुन्हा तिकडे गेली नाही. तिच्या पेटीत समुद्र शिरला तो असा.

तेवढ्यात वीज आली. मी जोरात सुरू झालो. पण अर्धं पाणी सांडलेलं, उरलेलं मी वर ढकललं आणि खाली काही राहिलंच नाही. मी कोरडा फिरायला लागलो. पंपाला कोरडं फिरणं काय असतं ते कसं सांगू? आत सगळं पेटल्यासारखं होतं.

एजेंच्या हातात ओला फोटो होता. पण आयुष्यभर पंपांजवळ काढलेला कान तो. त्यांनी मान वर केली. फोटो पेटीत ठेवला, भिंतीला धरून जिन्याच्या पायरीवर चढल्या आणि माझा खटका पाडला. मगच परत पेटीकडे वळल्या. ते मला विसरता येत नाही.

सगिनबाय खाली धावत आला. पाणी बघितलं, पेटी बघितली, काय ते समजला.

"एजे... मी भोक बुजवलं होतं."

पेटी तिथेच सोडून त्या उठल्या. बटाटे न घेताच वर गेल्या.

सहा आठवडे त्यांनी त्या घराकडे पाहिलं नाही. त्या दिवसांत बुरुल रोज दुपारी चारपर्यंत रोगी आटपायची आणि ते फोटो हातात घ्यायची. टाकीत घालायचं क्षार काढलेलं पाणी घरात होतंच. त्या पाण्यात एकेक फोटो धुवायचा, चिमट्याने उचलायचा, अवजारांच्या तबकात वाळवायचा. सगिनबाय शेजारी बसून टिपकागद बदलायचा.

"तीस वर्षं म्हणतेय, विचारल्याशिवाय माझ्या कपाटाला हात लावू नका," ती म्हणाली. त्याने मान खाली घातली.

सगळे वाळल्यावर तो स्वतः वर गेला नाही, त्याचं धाडस होईना. बुरुलनेच एजेंना खाली आणलं. त्यांनी एकेक फोटो पाहिला. एकात समुद्रकाठी उभी असलेली लहान मुलगी होती. कागद सोलवटून तिचा चेहरा गेला होता.

त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"असू दे," एजे म्हणाल्या. "तोंड मला पाठ आहे." मग डोळे पुसून टाकीजवळ गेल्या, वाकून नळी पाहिली. "बुरुल, तुझं कोरायचं यंत्र आण. आणि तू, सगिन, नीट ऐक. इथे कीड नव्हती. हे भोक मी पाडलं होतं."

सगिनबाय रडत रडत हसला. त्याच दिवशी भोक मोकळं झालं आणि पुढच्या आठवड्यात माझ्या शेजारी दुसरा पंप आला, त्याची वेगळी नळी घेऊन. पण माझी दांडी त्या दिवशीच खराब झाली होती. मी आणखी सहा वर्षं ओढली, दर हिवाळ्यात जरा जास्त खरखरत. मागच्या शरदात माझ्या जागी नवा आला.

आता मी एका निळ्या पिंपात असतो. शनिवारी टाकीसाठी खारं पाणी करायला पिंपात मीठ टाकतात, मी ते ढवळतो. बाकी सहा दिवस अंधार. ऐंशी ओलांडलेल्या एजे आता लेकीकडे कोरियाला गेल्यात. परवा त्यांचा फोन आला. सगिनबाय पिंपाशी उभा होता, मला सगळं ऐकू आलं.

"समुद्रावर आलेय रे पहिल्यांदाच," त्या ओरडून सांगत होत्या. "केवढा आवाज! इथला पंप कुणी बसवलाय कोण जाणे, सकाळपासून एकदाही थांबला नाही."

फोन ठेवल्यावर सगिनबाय किती तरी वेळ पिंपावर हात ठेवून उभा राहिला. मग मला म्हणाला, "तुझ्यासाठी नवी दांडी मागवतो."

सगिनबाय, नको. तू भला माणूस आहेस, पण नको. तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कुणी पंप निवडायला निघाला असाल, तर दोन घ्या, आणि ते भोक उघडं ठेवा. माझं मागणं एवढंच. मी पुष्कळ पाणी वर नेलं. आता जे खाली आहे ते खाली राहू द्या.