पडदा फुटेपर्यंत

अकरा चाळीसला संगणकावरची हिरवी रेघ नखाच्या जाडीएवढी वर सरकली. चौदा सेकंदांत.

नळीत चरबीचे बुडबुडे होते, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान, आणि त्यांच्या पोटात रंग. आमचं प्रथिन पेशीला मरणाचा हुकूम देणारं. ते बुडबुड्याच्या पडद्यात घुसून भोक पाडतं, रंग बाहेर सांडून चमकतो आणि रेघ चढते. पुस्तकात. माझ्याकडे ती आठ महिने आडवी पडून होती.

आठ महिन्यांपूर्वीच हे बुडबुडे बनवणाऱ्याने, आमच्या बुडबुडेवाल्याने, मला लग्नाचं विचारलं होतं. "रेघ चढू दे, मग सांगते," असं मी बोलून बसले. मध्ये एकदा चढलीही, सरळ भिंतीसारखी! आमच्या मार्गदर्शक बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग कळलं, साबणात बुडवलेलं टोकच मी थेंब मोजून टाकायच्या पिपेटला पुन्हा लावलं होतं. साबणाने काय, कुठलाही पडदा फुटतो.

आज बुडबुडेवाल्याने बुडबुड्यांत मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीच्या वीजघरातली, खास चरबी मिसळली होती. रेघ सावकाश, लाडालाडात चढत होती.

"प्रथिन बिचारं निर्दोष होतं," तो म्हणाला. "त्याला टेकायला जागाच नव्हती. आता बोल. तू हो म्हणालीस तर मी इथेच राहीन; दुसऱ्या शहरातल्या नोकरीला हो की नाही, ते मला दुपारी बारापर्यंत कळवायचंय."

"प्रथिन न घातलेली नळी?"

"पाहिली. आडवी."

"जुन्या चरबीची?"

"तीही आडवी. ढिम्म!"

"मग ताजं प्रथिन घेऊन एकदाच..."

"त्याला चाळीस मिनिटं लागतील गं!"

"अगं बये," बाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून ओरडल्या, "पेशीसुद्धा मरायला एवढे आढेवेढे घेत नाही!"

मला हसू फुटलं आणि आवरेचना. बाईही हसत सुटल्या. हातातली पिपेट मी स्टँडला अडकवली. अकरा पंचावन्न. तो एकटाच हसत नव्हता. पाठ फिरवून फोनमध्ये त्या नोकरीवाल्यांचा नंबर शोधत होता.

"ठेव तो फोन," मी म्हणाले. "तिसरी चाचणी राहू दे. मी तुझ्याशी लग्न करणार आहे."