सतरा नंबरची दुसरी गिरकी

सतरा नंबरचा उंदीर बरा झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. सतराला काय टोचलं होतं ते मला ठाऊक असायलाच नको होतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बडोद्याच्या आमच्या प्रयोगशाळेत चोवीस उंदीर आहेत. सगळ्यांना जन्मतःच मेंदूचा असा आजार, की हळूहळू तोल जातो. बाराजणांच्या मेंदूत निरुपद्रवी विषाणूवर बसवून दुरुस्त जनुक सोडलं, बाराजणांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे इंजेक्शन देणारी शलाका आणि आमच्या गाइड निरुपमा मॅडम यांनाच माहीत. तोल मी मोजतो, म्हणून मी अडाणी राहायचं. पीएचडीत मॅडमनी मला आधी हेच शिकवलं. यात तरी मी चमकेन असं घरच्यांनाही वाटलं होतं.

मंगळवारी सेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, शलाका अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवत होती.

"सतराने चावलं, यार. सुईत दुरुस्त जीनचा थेंब, आणि हा दात रोवून बसला. सांडला असता ने, तर..."

तिचा पाव तोंडापाशीच थांबला. मी लारीवाल्याकडे आणखी तरी मागितली. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी शेवटची चाचणी. उंदराने फिरत्या दांड्यावर चालायचं; दांड्याचा वेग वाढत जातो. पडला की घड्याळ बंद. चालणं सोडून दांड्याला मिठी मारून फिरला, तर एक गिरकी माफ, दुसरी म्हणजे पडलाच. यंत्राचा सेन्सर दिवाळीपासून दुरुस्तीला गेलेला असल्यामुळे स्टॉपवॉचवरचा माझा अंगठा हेच अधिकृत उपकरण. माझा आणि शलाकाचा, दोघांचे प्रबंध त्याच्यावर.

बाकीचे शंभर सेकंदांच्या आसपास पडले. सतरा चालत राहिला. एकशे चाळीस. एकशे पन्नास. पाय घसरला, त्याने मिठी मारली, एक गिरकी. करड्या रंगाचा गोळा पुन्हा वर चढू लागला. पाय हलले? हललेच असणार. माझा अंगठा हलला नाही. एकशे अठ्ठ्याऐंशीला तो धपकन पडला.

शलाकाने दारातून आकडा विचारला. मी सांगितला. ती हसली.

मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, फक्त शलाकाचं नाव गाळलं. गाळून उपयोग नव्हता. सांगू शकणारी दुसरी व्यक्ती त्या स्वतःच होत्या.

"दुसरी गिरकी झाली का?"

"मला जे बघायचं होतं तेच दिसलं, मॅडम."

मग त्यांनी शुक्रवारच्या सगळ्या रकान्यावर लाल रेघ मारली. सोमवारी नवा माणूस मोजेल, त्याला शिकवायला शनिवार-रविवार. या वयाचे उंदीर सोमवारपर्यंत टिकतीलच असं नाही, हे त्या बोलल्या नाहीत. मला चुकीचा फॉर्म दिला. म्हणजे चूक झाल्यावर भरायचा.

शेवटचा रकाना होता, 'अपेक्षित कार्यवाही'. पिंजऱ्यात सतरा एका कुशीवर पडून जोरजोरात श्वास घेत होता. मी लिहिलं:

'तरी उंदीर क्र. १७ यास सोमवार सकाळी साडेदहापर्यंत मुदतवाढ देण्यात यावी, त्याच्या आजारास तसे लेखी कळवावे, व खाली सही करणाऱ्यास मंगळवारपूर्वीच्या अज्ञानात पूर्ववत रुजू करून घ्यावे, ही विनंती.'