हळदाईच्या विहिरीचं पाणी

मंगळवारी सकाळी वसईजवळच्या वालीवच्या मागच्या त्या आठ घरांच्या वसाहतीत पाय ठेवायला जागा नसायची. गणपतीनंतर अंगणातल्या विहिरीचं पाणी एकाएकी पिवळं झालं होतं. हळद कालवल्यासारखं लख्ख पिवळं. विरारपासून माणसं रिक्षा भरून येत, हात जोडत, बाटल्या पुढे करत. काठावर पिवळ्या कफनीतले महाराज बसलेले असत.

"आई हळदाई अंगाला हळद लावून विहिरीत उतरली आहे!" ते गरजत. "तीन घोट घ्या, तिन्ही ताप जातील. पित्ताचा, साखरेचा आणि सुनेचा! मात्र सोबत डॉक्टरच्या गोळ्या नकोत. आईला सवत चालत नाही!"

लोक हसत आणि बाटल्या भरून घेत. महाराजांना आणलं होतं भूपेशने. ही आठ घरं त्यानेच बांधून विकली होती, आणि मागे उठणाऱ्या नव्या घरांची पत्रकं तो प्रसादासोबत वाटत असे.

हंसाचं घर विहिरीला सगळ्यात जवळचं. खाडीकाठची भातशेती विकून ती आणि काशीराम इथे आले होते. काशीरामला पोटदुखीचा त्रास होता. हंसा रोज सकाळी उपाशीपोटी त्याला पेलाभर तीर्थ द्यायची.

"हंसा, या पान्याला लोखंडासारखी चव लागते गं."

"आईचा प्रसाद हाय. नाक मुरडू नका. प्या."

तिच्या शब्दाखातर तो प्यायचा. पुढे तोंडात फोड आले, उलट्या सुरू झाल्या. महाराज म्हणाले, "आतली घाण बाहेर पडतेय. दोन पेले करा." हंसाने दोन केले. दिवाळी झाली आणि काशीरामची मूत्रपिंडं बंद पडली. इस्पितळातून तो जिवंत परत आला नाही.

भेटायला इनेझ टीचर आल्या. वसईतल्या शाळेत त्यांनी हंसाच्या मुलीला, खुशीला, विज्ञान शिकवलं होतं. हंसाने त्यांच्यापुढे तीर्थाचा पेला ठेवला. टीचरनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"काशीराम हेच पीत होता?"

"रोज. मीच द्यायची."

टीचरनी पेला तसाच खाली ठेवला. पुढच्या मंगळवारी ऐन गर्दीत त्या विहिरीवर हजर झाल्या. त्यांच्यासोबत चौकशी करून शोधून काढलेला सॅन्टन नावाचा एक म्हातारा कामगार होता.

"महाराज, ही हळद आहे ना?" त्यांनी विचारलं.

"साक्षात आईच्या अंगाची!"

"मग कुणाकडे चुन्याची डबी आहे का?"

तंबाखू मळणाऱ्या चार जणांनी डब्या काढल्या. पूजेच्या ताटातली हळद टीचरनी एका पेल्यात कालवली, दुसऱ्यात विहिरीचं पाणी घेतलं आणि दोन्हींत चुना टाकला. हळदीचा पेला क्षणात लालभडक झाला. विहिरीचं पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं.

"चुना लागला की हळद लाल होते, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे," टीचर म्हणाल्या. "ही हळद नाही. सॅन्टन, इथे आधी काय होतं?"

"नळाच्या तोट्यांना क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचा कारखाना," सॅन्टन म्हणाला. "सहा वर्षं राबलो मी. टाक्या धुतलेलं पिवळं पानी मागच्या खड्ड्यात सोडायचो. खड्डा याच भूपेशने बुजवला. माझ्या डोळ्यांदेखत."

टीचरनी पेला महाराजांपुढे धरला. महाराजांना अचानक उपवास आठवला. मग पेला भूपेशपुढे आला. त्याने तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

हंसा बघत होती. तो पेला तिने काशीरामच्या हातात किती वेळा दिला होता!

प्रयोगशाळेच्या अहवालात विषारी क्रोमियम निघालं. डॉक्टर म्हणाले, काशीराम फक्त याच पाण्याने गेला असं छातीठोक सांगता येत नाही. पण हे विष मूत्रपिंडांना मारतं. हंसाला पुढचं ऐकू आलं नाही. महाराज पसार झाले, भूपेशवर खटला उभा राहिला. वसाहतीत टँकर येऊ लागला.

उन्हाळ्यात विहिरीचा रंग फिका पडला, पाणी साधं दिसू लागलं. जामिनावर सुटलेला भूपेश एके दुपारी हंसाच्या दारात आला. सोबत हंसाचं घर बघायला आलेलं तरुण जोडपं होतं, क्लिफर्ड आणि रोवेना. रोवेनाला दिवस गेले होते.

भूपेश कुजबुजला, "ताई, तुम्ही फक्त गप्प राहा. तुमचं घर विकलं जाईल, तुम्ही सुटाल."

रोवेना विहिरीत डोकावून म्हणाली, "किती छान! घरचं पाणी."

हंसा आत गेली, अहवाल आणला आणि रोवेनाच्या हातात दिला.

"या पान्यात विष हाय, बाय. खाली कारखान्याचा खड्डा हाय. माझा नवरा हेच प्यायचा."

भूपेश तोंड फिरवून निघून गेला. रोवेनाने कागद वाचला. तिचा हात नकळत पोटावर गेला.

"पण काकी, असं सांगत राहिलात तर तुमचं घर कोण घेणार?"

"कोनी नाय घेतलं तरी चालेल," हंसा म्हणाली. "तुम्ही मात्र जिथं घर घ्याल तिथं आधी विचारा, इथं पूर्वी काय होतं? पानी तपासून घ्या. कोनी देवीचं नाव घेतलं तर दोनदा तपासा. विचारल्याने देव रागावत नाय. मी विचारलं नव्हतं."